निगेटिव्हवरचा तांबडा रंग

नागेंद्रला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो शेकडो बायका किलोच्या भावानं विकत होता.

आषाढातली रविवारची सकाळ. मी बेळगावहून निपाणीला घरी आले होते. घरी आलेल्या लेकीला निवांत बसू द्यायचं नाही हा आमच्या आईचा नियम, त्यामुळे दळण घेऊन गिरणीवर उभी होते. पाऊस नुसता भुरभुरत होता... छत्री उघडावी तर लोक हसतील, मिटावी तर केस भिजतील. गिरणीला लागून भंगारवाल्याचं दुकान आहे. त्याच्या तागडीच्या एका पारड्यात वजनं होती आणि दुसऱ्यात काळसर फिल्मचे चौकोनी तुकडे, जुन्या पाकिटांतून ओसंडणारे. त्यातला एक वाऱ्यानं उडाला आणि माझ्या चपलेपाशी येऊन पडला.

उचलून उजेडाकडे धरला. आत एक मुलगी उभी होती. निगेटिव्हमध्ये असते तशी, चेहरा काळा आणि केस पांढरे. मनगटावर घड्याळ, मागं रंगवलेला जिना.

"अहो, काय करताय हे?" मी दळण टाकून धावले.

तागडीपाशी उभा असलेला उंच पोरगा वळला. "विकतोय."

"कुणाच्या आहेत ह्या?"

"माझ्या."

"एवढ्या सगळ्या बायका तुमच्या?"

भंगारवाला फिदीफिदी हसला. पोरगा लाजला, आणि लाजला तो थेट कानापर्यंत. त्याचे कान लाल झालेले मला अजून आठवतात. विसरायचा खूप प्रयत्न केला, तरी आठवतात.

"तसं न्हवं," तो म्हणाला, "आप्पांचा, माझ्या वडलांचा, फोटो स्टुडिओ हुता हितं. आप्पा गेले औंदा. गाळा रिकामा करून द्यायचाय. ह्यो म्हणतोय, फिल्ममदनं चांदी निघती."

"मी बेळगावच्या संग्रहालयात काम करते. जुने फोटो, कागदपत्रं जपायचं. हे सगळं आम्हाला द्या."

"काय देणार?"

"काही नाही. एक आभाराचं पत्र."

"मग ह्यो बरा की. रोख देतोय."

"तो वितळवणार. मी जपणार."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "जपणार... म्हणजे किती दिवस?"

"आम्ही कायमचं जपतो."

"कायमचं म्हंजे लई झालं की ओ," तो म्हणाला, आणि त्यानं पारड्यातली पाकिटं एकेक करून परत ट्रंकेत भरायला घेतली. भंगारवाल्यानं मला शिवी हासडली. माझं दळणही त्यानंच, म्हणजे नागेंद्रनं, स्कूटरवरून घरापर्यंत आणून दिलं. आईनं दारातूनच त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि दळण जाडसर आलंय म्हणून मला बोलली.

पुढच्याच आठवड्यात तो ट्रंक घेऊन बेळगावला आला. तो राहायचा निपाणीतल्या गाळ्याच्या मागच्या खोलीत. आई, काका, शेतीवाडी, सगळं कंग्राळीला. लग्नांत ड्रोन उडवून शूटिंग करायचा. पण ट्रंक उघडल्यावर एकेक पाकीट काढताना त्याचा हात असा हळू व्हायचा की मला कळलं, ह्याला हे विकायचं नव्हतंच. कुणीतरी अडवावं म्हणून तो भंगारवाल्याकडं गेला असावा.

"हे समदे दाखवायचे फोटो," त्यानं सांगितलं. "पोरगी लग्नाची झाली की बाप तिला घेऊन आप्पांकडं यायचा. फोटो निघाला की स्थळाकडं धाडायचा. घड्याळ स्टुडिओचं. सगळ्यांच्या हातात तेच बघा."

खरंच होतं. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूरच्या मुली, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि सगळ्यांच्या मनगटावर एकच घड्याळ. मी एक निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ठेवली आणि भिंग लावलं. गालावर, कपाळावर बारीक बारीक रेघा होत्या.

"पेन्सिल हाय ती," तो माझ्या खांद्याशी वाकून म्हणाला. त्याला फोटो धुवायच्या फिक्सरचा आंबूस वास येत होता, आणि पावसाचा. "निगेटिव्हवर जितकी पेन्सिल मारशीला तितकी छापल्यावर पोरगी गोरी. देवीचे वण पण जात्यात."

"आणि हा तांबडा रंग?"

"ते मागचं झाकायला. घरी जाऊन फोटो काढला आणि मागं गोठा आला, पडकी भितं आली, की आप्पा तेवढा भाग तांबडा रंगवायचे. तांबड्यातनं उजेड जात न्हाय. छापलं की मागं कोरं, पांढरं."

"म्हणजे तुमचे आप्पा लोकांना फसवायचे."

"लग्नं जमवायचे," तो जरा दुखावून म्हणाला. मग खिशातून रुमाल काढला. "पाण्यानं जातोय ह्यो रंग. पुसू का?"

"हात लावायचा नाही!" मी त्याचं मनगटच धरलं. "आलं तसं ठेवायचं. पेन्सिल असो, रंग असो. आम्ही काही सुधारत नाही."

"लई कडक हाय तुमचं."

"मी पण."

"ते दिसलं की... गिरणीवर." मी अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं हे मला तेव्हा लक्षात आलं.

आमच्या वरिष्ठ मंगलबाईंना ट्रंक बघून आनंदानं दोन वेळा चहा मागवावा लागला. त्यांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं, भिंतीवर फोटो आणि संगणकावर सगळ्यांसाठी खुला संग्रह. फक्त एक अट घातली. "ह्या बायका जिवंत आहेत, पारमिता. ज्यांना लग्नासाठी एकदा न विचारता दाखवलं, त्यांना आपण दुसऱ्यांदा न विचारता दाखवायचं नाही. जा आणि प्रत्येकीला विचारून ये."

पाकिटांवर आप्पांच्या अक्षरात नाव आणि गाव होतं. पण कुणाची मुलगी कुठं दिली, हे नागेंद्रलाच हुडकता येणार. म्हणून तो माझ्याबरोबर. निदान मंगलबाईंना मी तसं सांगितलं.

श्रावणभर आम्ही फिरलो. कधी त्याची स्कूटर, कधी एसटीतली शेवटची सीट आणि "मुंदं होग्री", पुढं सरका, म्हणून कानडीत ओरडणारा कंडक्टर. निपाणीच्या नागुबाई फोटो बघून इतक्या हसल्या की त्यांच्या कवळीची आम्हाला काळजी वाटली. "आगं बया, ही साडी तर शेजारणीची! त्या साडीवर आमच्या गल्लीतल्या सा पोरी उजवल्या. लाव गं पोरी, मोठ्ठा करून लाव!" दुसऱ्या एकीनं लेकाला, सुनेला, नातवंडांना हाका मारल्या आणि सगळ्यांसमोर निगेटिव्ह उजेडाला धरून ती स्वतःलाच म्हणाली, बारीक हुतो की मी!

वाटेत नागेंद्र मला छळायचा. "मॅडम, तुमचा कुणी काढला न्हाय का दाखवायचा फोटो?"

"काढला असता तर इथं तुमच्या स्कूटरवर उन्हातान्हात फिरले असते का?"

"म्हंजे बरं झालं न्हाय काढला ते."

असं म्हणून तो मुकाट्यानं रस्त्याकडं बघायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. मागं बसलेल्या माणसाला पुढच्याचे कान फार छान दिसतात.

रुक्माबाई जांबोटीला दिलेल्या. बसमधून उतरून भाताच्या बांधावरून लांबवर चालत गेलो तेव्हा त्या गोठ्यात शेण काढत होत्या. हात धुवून आल्या, निगेटिव्ह घेतली आणि उजेडाला धरली. मी भिंगातून पाहिलं होतं. त्या चेहऱ्यावर सगळ्यांत जास्त पेन्सिल होती.

"मोबाईलवर बी जाईल का ह्यो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हो म्हणालात तरच."

"नको." त्यांनी निगेटिव्ह माझ्या हातात ठेवली. "फोटो पसंत पडला हुता पोरी, मी न्हवं. लगीन झालं, अंतरपाट निघाला, त्यांनी माझ्याकडं बघितलं... आणि आमच्या सासऱ्याला म्हणाले, फोटोतली कुठाय?" त्या थोडं हसल्या. "सगळा जलम त्या फोटोतलीच्या हाताखाली काढला मी. तिला भितीवर नको लावू."

नागेंद्र मान खाली घालून उभा होता. निघताना त्यांनी त्याला विचारलं, "फोटोवाल्या परशरामचा लेक न्हवं का तू?" आणि तो हो म्हणाल्यावर त्याच्या ओंजळीत दोन पेरू दिले. त्यांनी राग धरला असता तर त्याला बरं वाटलं असतं, असं तो मला पुढं म्हणाला.

परतीची बस गेली होती. दुसरी कधी येईल हे जांबोटीत कुणीच सांगत नाही. आम्ही थांब्याच्या पत्र्याखाली बसलो, आणि पावसानं असा काही सूर धरला की समोरचं झाडसुद्धा दिसेना. त्यानं पेरू फोडून मोठा अर्धा मला दिला.

"पारमिता मॅडम... एक इचारू?"

"आधी मॅडम काढ."

"पारमिता." त्यानं नुसतं म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हणाला, "पारू. तुझा फोटो काढू का? आप्पांच्या कॅमेऱ्यात एक रोल हाय अजून."

"कुणाला दाखवायला?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. तो पेरूच्या बियांकडं बघत होता. "...आमच्या घरात," तो म्हणाला.

मला वाटतं मी त्या क्षणाची गिरणीपासून वाट बघत होते. तरी घशात पेरू अडकलाच.

"नागेंद्र, आम्ही कोण ते ठाऊक आहे ना तुला? आजी विड्या वळायची. घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत."

"ठावं हाय की."

"तुझ्या काकांना?"

"सांगीन की मी."

"मग एकच ऐक. जशी आहे तशी ने मला. झाकून, लपवून नेणार असशील तर आत्ताच सांग, मी ह्या पावसात चालत खानापूरला जाते."

"खानापूर लई लांब हाय हितनं."

"म्हणूनच म्हणते, विचार करून सांग."

त्यानं विचार केला असेल, नसेल. माझा हात हातात घेतला, पेरूनं चिकट झालेला, आणि म्हणाला, "जशी हाईस तशी. आप्पांची शप्पथ." बस आली तेव्हा आम्हा दोघांनाही ती फार लवकर आल्यासारखी वाटली.

फोटो त्यानं भाद्रपदात काढला, आमच्या निपाणीच्या घरी. स्टुडिओचा गाळा तोवर गेला होता, आणि मला तो रंगवलेला जिना नकोच होता. पप्पा, म्हणजे प्रेमानंद मास्तर, निवृत्त होऊनही घरात इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "पोरगं उजेडाचं काम करतंय. बघू या."

त्या दिवशी पप्पांनीच जागा ठरवली. "हितं उभी ऱ्हा, दोन्ही फोटोंच्या मधोमध." मग स्टूल आणलं, वर चढले आणि बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोची काच खिशातल्या रुमालानं पुसली. एकदा कोरडी, एकदा तोंडाची वाफ मारून. "काच चमकाय नको," ते नागेंद्रला म्हणाले. "तुमच्या कॅमेऱ्याला त्रास हुईल."

"न्हाय व्हणार काका," नागेंद्र म्हणाला. आप्पांचा तो दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावीच लागते. "हनुवटी वर, पारू. अजून. हां... आता माझ्याकडं बघ."

"तू कुठं बघतोयस माझ्याकडं? पोटाकडं बघतोयस."

"ह्यात तूच हाईस," तो म्हणाला. आई सैपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. खटका वाजला तेव्हा मीही हसतच असणार.

दसरा झाला आणि एका दुपारी तो संग्रहालयाचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. हातात कुंद्याचा डबा.

"जमलं!"

"काय जमलं?"

"पसंत पडलीस! मारुतीकाकांना, आईला... आई तर म्हणाली, नाकीडोळी नीटस हाय पोरगी, कुठनं शोधलीस. काका म्हणाले, तुळशीचं लगीन झालं की बोलणी करू."

खोटं कशाला सांगू, मी बेभान झाले. डोळ्यांत पाणी आलं, हसू आलं, आणि खुर्चीवरचे हातमोजे खाली पडले. "सगळं सांगितलंस? काका काय म्हणाले? चिडले नाहीत?"

"आधी कुंदा खा."

त्यानं मोठा तुकडा तोंडात घातला माझ्या. मग शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्या फोटोची दुसरी प्रत माझ्यासमोर ठेवली.

फोटोत मी होते. म्हणजे, नाक माझं होतं. रंग माझा नव्हता. पिठात बुडवून काढल्यासारखी गोरीपान मुलगी हनुवटी वर करून हसत होती आणि तिच्या मागं काहीच नव्हतं. कोरं, पांढरं.

कुंदा तोंडात तसाच राहिला.

"हे काय रं?" राग आला की माझी निपाणी बाहेर येते.

"काय म्हंजे... जरा हात फिरवला. आप्पांची पेन्सिल हाय अजून माझ्याकडं."

"आणि भिंत? पप्पांनी काच पुसली ती भिंत कुठाय?"

मी हात पुढं केला. "निगेटिव्ह."

त्यानं दिली. मी ती काचेच्या टेबलावर ठेवली, दिवा लावला आणि भिंग घेतलं. गालांवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. आणि माझ्याभोवती तांबडा रंग. केसांच्या कडेनं, खांद्याच्या उतारावरून इतका सुबक गेला होता की कुठं एक थेंब आत आला नव्हता. किती मन लावून केलं होतं त्यानं! ज्या हातानं पेरूचा मोठा अर्धा दिला त्याच हातानं.

"काय सांगितलंस घरी?"

"नाव सांगितलं. नोकरी सांगितली."

"आडनाव?"

"इचारलं काकांनी. म्हटलं... सांगतो नंतर." तो माझ्याजवळ आला. "पारू, ऐक तरी. आप्पा काय म्हणायचे ठावं हाय? आधी माणूस डोळ्यात भरलं पायजे. एकदा भरलं की पुढचं सगळं लोक पोटात घालत्यात. आई तुझ्या फोटोला देवापाशी ठेवून आली. आता हळूहळू सांगू की. लगीन ठरल्यावर... नायतर झाल्यावर."

"आणि मी काय करू तोवर? पप्पांना सांगू, भिंत उतरवून ठेवा म्हणून?"

"असं कुठं म्हटलं मी?"

"जांबोटीला काय म्हणालतास?"

"तुझ्यासाठीच केलं गं हे."

हे तो मनापासून म्हणाला. तेच वाईट होतं. खोटारडा असता तर मी डबा त्याच्या डोक्यावर पालथा घातला असता आणि मोकळी झाले असते. पण त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझं भलं केलं. त्याच्या घरात पिढीजात पोरींचं असंच भलं करत आले होते.

"रुक्माबाई आठवतात?" मी विचारलं. "तुझ्या आईला मी पसंत पडले न्हाय नागेंद्र. ही पडलीय." मी फोटोवर बोट ठेवलं. "मी उंबऱ्यात आले की ती विचारणार, फोटोतली कुठाय?"

तो खुर्चीवर बसला.

"धू हे," मी म्हणाले. "घरी ने, धू, परत छाप. भिंतीसकट. आणि तो फोटो काकांच्या हातात दे."

"मोडंल सगळं."

"मोडू दे. मी येईन तुझ्याबरोबर, शिव्या दिल्या तर दोघं खाऊ. त्यांनी घराबाहेर काढलं तर बेळगावात माझी खोली आहे, तुझा ड्रोन मावेल तिथं. तू नुसतं एकदा दाखव मला. नाही म्हणायचं तर मला बघून नाही म्हणू देत त्यांना."

"बघतो," तो म्हणाला. हातात कॅमेरा नव्हता तरी त्यानं मान खाली घातली होती.

निगेटिव्ह घेऊन तो गेला. मी वाट बघितली. मी, पारमिता, जिला बस दहा मिनिटं उशिरा आली तरी कंडक्टरशी भांडायला होतं, ती वाट बघत बसले. फोन केला की तो म्हणायचा, काका शेतावर हाईत. मग म्हणाला, सुगी चाललीय, घरात कुणाचं डोकं ठिकाणावर न्हाय. मग दिवाळी आली, आणि दिवाळीत कुठं असलं काढायचं? तुळशीचं लग्न झालं त्या रात्री मी फोन उलटा करून ठेवला.

तो आला मार्गशीर्षात. आप्पांच्या सामानात सापडलेलं शेवटचं एक खोकं घेऊन, संग्रहालयाला द्यायला. बारीक झाला होता. मला इतकं वाईट वाटलं त्याच्याकडं बघून, की जेवलास का, हेच पहिलं तोंडातून आलं.

"जेवलो," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी मिळून खोकं उतरवलं. सगळ्यात वर एक नवं पाकीट होतं. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, पारमिता, निपाणी. आप्पा लिहायचे तसंच, नाव आणि गाव.

मी निगेटिव्ह काढून दिव्यावर ठेवली. तांबडं तसंच होतं.

"काका काय म्हणाले?"

"दाखवलाच न्हाय मी."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मोरीत कापूस घेऊन उभा ऱ्हायलो, पारू. चार वेळा. एकदा धुतला की परत रंगवायला धीर झाला नसता. म्हणून... न्हायच धुतला." त्याचा आवाज फाटला. "काकांनी मारलं असतं तर चाललं असतं. पण आई त्या फोटोला रोज फूल वाहती गं. तिचं तोंड बघवलं नसतं मला."

"माझं बघवलं?"

तो रडला. तिथंच, ट्रंकांच्या मधे, रुमाल न काढता. मीही रडले. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि घेतलं नाही. त्या दिवसाचं मला आजही काही वाटत असेल तर ते एवढंच, की घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

"आडनाव काय सांगंना म्हणून काका वाट बघून कटाळले. उद्या कुठंतरी दुसरी पोरगी बघायला जायचं ठरवलंय त्यांनी. खानापूरकडं," तो शेवटी म्हणाला. मग टेबलावरची पाण्याची बाटली आणि कापूस माझ्यापुढं सरकवला. "तूच पूस पारू. तुझ्या हातानं. तेवढं तरी हुदे."

बोळा मी हातात घेतला. ओला केला. दोन वेळा फिरवायचा अवकाश होता, पप्पांनी पुसलेली काच खाली लख्ख निघाली असती.

"नाही," मी बोळा खाली ठेवला. "आम्ही काही सुधारत नाही. आलं तसं ठेवतो."

"पारू, नियम न्हवं गं—"

"नियम नव्हेच. तो रंग तू लावलास. पुसायचा होता तर तूच पुसायचा होतास. मी पुसला तर उद्या मलाच वाटेल की तू पुसलास."

तो गेला. जिना उतरताना त्यानं एकेक पायरी घेतली. मी खिडकीशी गेले नाही. पाकीट उचललं आणि बंद कपाटातल्या डब्यात ठेवलं. ज्या बायका नको म्हणाल्या, त्यांचा तो डबा आहे. त्यात रुक्माबाईंच्या शेजारी जागा होती.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. नागुबाई नातवंडांना घेऊन आल्या आणि स्वतःच्या फोटोपुढं उभं राहून त्यांनी कुणाकुणाला साडीची गोष्ट सांगितली ते विचारूच नका. मंगलबाई खूश होत्या. संध्याकाळी आई-पप्पा निपाणीहून आले. पप्पा नवीन इस्त्रीच्या शर्टात. हात पाठीशी बांधून त्यांनी एकेक फोटो वाचल्यासारखा पाहिला, पहिल्या भिंतीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत, आणि मग परत पहिल्यापासून.

"काय शोधताय पप्पा?"

"आपला कुठं दिसंना. त्या पोरानं काढला हुता त्यो."

नागेंद्रचं मोडलं एवढं मी घरी सांगितलं होतं. का मोडलं ते सांगितलं नव्हतं. आई माझ्याकडं बघत होती.

"खराब निघाला, पप्पा," मी म्हणाले. "मागचं काही आलंच नाही त्यात. रोल जुना होता."

पप्पांनी खिशातला रुमाल काढून उगाचच हातात धरला.

"काच चमकली असंल," ते म्हणाले. "पण मी पुसली हुती की गं चांगली."

"व्हय पप्पा," मी म्हणाले. "तुम्ही चांगली पुसली हुती."